आठ तासांतलं ताट

रिकाम्या पोटी वजन उचलायचं की खाऊन? वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी जिममध्ये नाव घातलं तेव्हा माझा प्रश्न एवढाच होता. ट्रेनर तालमीत वाढलेला मुलगा. तो म्हणाला, "ताई, खुराक पोटात गेल्याबगर बारला हात लावायचा नाही." त्याच हॉलमध्ये ट्रेडमिलवर चालणाऱ्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की १६ तास उपाशी राहून आलं तरच चरबी जळते, खाऊन आलात तर नुसता घाम. कचेरीतली मैत्रीण म्हणाली, बायकांनी उपास आणि वजनं एकदम करूच नयेत, पाळीचं सगळं तंत्र बिघडतं. जो तो आपुलकीनं सांगत होता. म्हणूनच कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं सोडायचं ते मला ठरवता येईना.

खाण्याच्या वेळांवरून गोंधळ होणं महाराष्ट्रात नवं नाही. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे गोड काही नको, आणि रोज ४५ मिनिटं चाला. या मांडणीचं मूळ दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांकडे आहे, हे ते स्वतःच सांगतात. दुसरीकडे ऋजुता दिवेकर: उठल्यावर चहाच्या आधी काहीतरी खा, दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, घरचं आणि हंगामातलं खा, तुपाला घाबरू नका. आमच्या पतसंस्थेत या दोन्ही मतांची माणसं एकाच टेबलावर डबे उघडतात, आणि दोन्हीकडची काही माणसं हलकी झालेली मी पाहिली आहेत. दिवेकर तर बायकांना वजनं उचलायलाही आवर्जून सांगतात. पण १६ तासांचा उपास आणि खांद्यावर लोखंड, अशी जोडी एकाच दिवसात बसवायची म्हटलं की त्या टेबलावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मी या वाटेला लागले ते रक्ताच्या रिपोर्टमुळे. तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारं एचबीए१सी ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईला मधुमेह आहे. गुडघे बरे असूनही जमिनीवरून उठताना तिला दोघांचे हात धरावे लागतात, कारण मांड्यांत बळच राहिलेलं नाही. डॉक्टर मला म्हणाल्या, पोटाचा घेर कमी करा आणि ताकद वाढवा. यातलं पहिलं मी मुलगी झाल्यापासून ऐकत आले आहे. दुसरं माझ्या वयाच्या बाईला कुणी सांगितलेलं मी प्रथमच ऐकलं. त्यांनी समजावून सांगितलं, की जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेण्याचं सर्वांत मोठं काम स्नायू करतात, आणि तिशीनंतर वापरात नसलेले स्नायू दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात. म्हणजे मी ज्याला "वय झालं" म्हणत होते, त्यातला बराच भाग वापर थांबल्याचा होता.

उपासाचं विचारलं तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. साखरेची कुठली गोळी चालू आहे का, हे आधी विचारलं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधं घेणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मग हिमोग्लोबिन तपासलं, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन तपासलं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ज्या बाईच्या अंगात रक्तच कमी आहे तिला कुणी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं तर तिची पायऱ्या चढण्याचीही उमेद जाईल. माझं हिमोग्लोबिन काठावर पण ठीक होतं. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या, आणि पूर्वी खाण्यापिण्याचा आजार होऊन गेलेल्या मुली यांना त्या हा मार्ग सुचवतच नाहीत.

त्यांनीच मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांबद्दल सांगितलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन माणसांचा फोटो छापून आला: एक स्वतः याज्ञिक, दुसरे त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्याकडची ठेवण याज्ञिकांनी वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. ते वाचल्यावर मी वजनकाट्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. काट्यावर ४ किलो कमी दिसले तर ते कशाचे गेले, हे काटा सांगत नाही. माझ्यासारख्या बाईच्या अंगातले आधीच कमी असलेले स्नायू त्यात गेले, तर साखरेच्या बाबतीत मी होते त्याहून मागे जाणार.

म्हणून मी ठरवलं, आधी बार, मग घड्याळ. उपास वजनांच्या सोयीनं करायचा, वजनं उपासाच्या सोयीनं नाही.

आमच्या जिमच्या भिंतीवर हार घातलेला हनुमान आहे आणि आत येणारी पोरं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतात. कोल्हापुरात तालीम आणि जिम यांच्यातलं अंतर फारसं मोठं नाही. तरी मला तिथली भाषा कळत नव्हती. सेट म्हणजे काय, रेप म्हणजे काय, "फॉर्म तुटतोय ताई" म्हणजे माझं नक्की काय तुटतंय. रिकामा बार म्हणून जो हातात देतात, त्याचंच वजन २० किलो असतं हेही तिथंच समजलं. मला आधी ५ किलोचं डंबेल छातीशी धरून बैठका मारायला लावल्या. "पोट घट्ट, टाचा जमिनीत, गुडघे बाहेर, नजर समोर." चार सूचना एकदम पाळताना श्वास घ्यायचा राहूनच जायचा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अशा भरून आल्या, की कठड्याला धरून आडवी आडवी उतरले. पण दहा-दहाच्या तीन सेटमध्ये शेवटची बैठक जमली की अंगात जी ऊब पसरायची, तशी मी शाळेतला खो-खो सुटल्यापासून अनुभवली नव्हती.

उपासाची वेळ मी दुपारी १२ ते रात्री ८ अशी धरली. या आठ तासांत खायचं, बाकीचे १६ तास पाणी आणि बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा. पहिले काही दिवस सकाळचे ११ वाजले की कुणीतरी पोह्यांचा डबा उघडायचं आणि माझ्या पोटात खड्डा पडायचा. विलक्षण गोष्ट ही, की अर्धा तास निघाला की ती भूक आपोआप ओसरायची. रोज ज्या वेळेला खातो त्या वेळेच्या सुमारास भुकेचं संप्रेरक वर येतं आणि मग उतरतं. पुढे पुढे माझ्या शरीरानं नवी वेळ धरली आणि ११ ची भूक येईनाशी झाली.

खरा पेच जिमच्या वेळेचा. बायकांची बॅच सकाळी सहाची. रात्री आठला जेवण संपवून सकाळी सहाला वजनं उचलायची, आणि मग दुपारी बारापर्यंत काही खायचं नाही. एकदा बैठकीतून उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. ट्रेनरनं लगेच खाली बसवलं, लिंबू-मिठाचं पाणी दिलं. मला वाटलं, साखर संपली. तसं नव्हतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम साखरेचा साठा असतो आणि तो रात्रभरात बराच वापरला जातो. स्नायूंत मात्र ४०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि झोपेत तो जवळजवळ जागच्या जागी राहतो. माझ्या पतसंस्थेच्या भाषेत सांगायचं तर काउंटरवरची रोकड कमी झालेली असते, पण प्रत्येक स्नायूचं स्वतःचं खातं शाबूत असतं. त्यामुळे रिकाम्या पोटी पहिले सेट बहुतेकांना व्यवस्थित जमतात. रात्रभर पाणी न पिणं आणि श्वास रोखून झटक्यात उठणं, याचा संबंध त्या अंधारीशी अधिक होता.

मग ट्रेडमिलवरच्या बाई म्हणत होत्या ते खरं की खोटं? माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिनं मला वाचून दाखवलेल्या अभ्यासांत २०१४ चा एक होता: २० तरुणी, चार आठवडे, सगळ्यांना तितकाच व्यायाम आणि तितकंच कमी खाणं. निम्म्या उपाशीपोटी करायच्या, निम्म्या खाऊन. चरबी दोन्ही गटांची सारखीच उतरली. व्यायामाच्या तासात काय जळतं यावर दिवसाचा हिशोब ठरत नाही. आणि ट्रेनर म्हणत होता, की व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिनं पोटात गेली नाहीत तर सगळी मेहनत वाया. ती मुदतही पुढच्या अभ्यासांत बरीच सैल निघाली. जड व्यायामानंतर स्नायूंची बांधणी एक-दोन दिवस चढी राहते, त्यामुळे दिवसभरात एकूण किती प्रथिनं गेली, याला जास्त वजन आहे. दोघांचंही म्हणणं थोडं सोडावं लागलं, तेव्हा मला जरा मोकळं वाटलं. तरी मी बॅच बदलून घेतली. संध्याकाळी सहाला जायचं म्हणजे आधी दुपारचं जेवण पोटात असतं आणि नंतर रात्रीचं लगेच मिळतं. सकाळी जाणाऱ्या बायकांना हे चुकीचं आहे असं मी सांगणार नाही. काही जणी रिकाम्या पोटी माझ्या दुप्पट वजन उचलतात.

भाचीनं दाखवलेल्या बाकीच्या कागदांनी मात्र मला कित्येक रात्री विचारात पाडलं, कारण ते एकमेकांच्या विरुद्ध वाटत होते. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी जादा वजनाच्या ११६ जणांवर १२ आठवडे प्रयोग केला. एका गटानं माझ्यासारखंच दुपारी १२ ते रात्री ८ खायचं, दुसऱ्यानं दिवसातून तीन वेळा जेवायचं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलो उतरलं, दुसऱ्याचं ०.६८, म्हणजे फरक नगण्य. त्याहून काळजीची गोष्ट, ज्यांची अंगरचना यंत्रावर मोजली त्या उपासवाल्यांत गेलेल्या वजनापैकी साधारण ६५ टक्के भाग चरबीचा नव्हताच. हे वाचून मी उपास सोडायच्या बेतात आले होते.

पण त्याच थप्पीत इटलीतल्या पडुआचा २०१६ चा अभ्यास होता. वजनं उचलण्यात मुरलेले ३४ पुरुष, आठ आठवडे. निम्म्यांनी दुपारी १, ४ आणि रात्री ८ असं तीनदा जेवायचं, निम्म्यांनी सकाळी ८ पासून, खाणं तेवढंच. उपासवाल्यांची चरबी १६ टक्क्यांहून अधिक घटली, दुसऱ्या गटाची जेमतेम ३ टक्के, आणि स्नायू व ताकद दोन्हीकडे टिकून राहिली. टेस्टोस्टेरॉन मात्र उपासवाल्यांचं खाली आलं, हेही त्यात प्रामाणिकपणे नोंदवलेलं आहे. आणि २०१९ मध्ये टेक्सासमधल्या, आधीपासून वजनं उचलणाऱ्या तरुण मुलींवर झालेला अभ्यास: दुपारी १२ ते रात्री ८ च्या वेळेत खाऊनही त्यांचे स्नायू वाढले, दिवसभर खाणाऱ्यांइतकेच.

एकीकडे स्नायू जातात, दुसरीकडे टिकतात, तिसरीकडे वाढतात. तिन्ही कागद शेजारी ठेवून मी भाचीला विचारलं, "अगं, मग मी कुठल्या गटातली?" तिनं पहिल्या अभ्यासातल्या एका परिच्छेदावर बोट ठेवलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या माणसांना फक्त वेळ सांगितली होती. काय खा, किती खा, व्यायाम कोणता करा, यातलं काही नाही. इटलीतले पुरुष आणि टेक्सासच्या मुली आठवड्यातून तीनदा जड वजनं उचलत होत्या आणि प्रथिनं भरपूर खात होत्या. घड्याळ सगळ्यांचं जवळपास सारखं. स्नायू राहिले की गेले, हे भार आणि ताट यांनी ठरवलं. वजनं उचलणाऱ्यांतली एकही बाई माझ्या वयाची नव्हती, कुणी ज्वारीची भाकरी खात नव्हती, हे मला दिसत होतं. तरी एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा पायाखाली काहीतरी घट्ट लागलं.

मग ताट मोजायला घेतलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेलं प्रमाण दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं. माझं वजन ६२ किलो, म्हणजे ५१ ग्रॅम. पण वजनं उचलणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात फायदा साधारण १.६ ग्रॅमपर्यंत वाढत गेला आणि मग थांबला. म्हणजे माझ्यासाठी जवळजवळ १०० ग्रॅम. मी वहीत एका साध्या दिवसाचं खाणं लिहिलं: सकाळी पोहे, तीन चहा, दुपारी दोन भाकरी, भाजी, वाटीभर आमटी, भात, दही, रात्री दोन चपात्या, भाजी, थोडा भात. बेरीज चाळिशीच्या जेमतेम पुढे. आणि उपासाच्या वेळेत पोहे आणि दुधाचे चहा गेल्यावर तीही खाली आली. ज्या उपासानं माझी साखर सुधारायची, तोच माझ्या ताटातलं उरलंसुरलं बळ काढून घेत होता. हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि उपास सुरू करणाऱ्या प्रत्येक बाईला हे आधी सांगायला हवं असं मला कळकळीनं वाटतं.

आता कुणी म्हणेल, कोल्हापुरात आणि प्रथिनांची वाण? आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी मटण किंवा चिकन असतंच. पण वाढणारीच्या ताटात काय येतं ते बघा. आधी मुलं, पुरुषमाणसं, पाहुणे. दुसऱ्या वाढीला आग्रह. आणि शेवटी मी बसते तेव्हा पातेल्यात तांबडा रस्सा असतो, पांढरा रस्सा असतो, तळाला एखादं नळीचं हाड. चव सगळी मिळते. तुकडे गेलेले असतात. अंड्यांचं तेच, सायीच्या दह्याचं तेच. यात कुणी मुद्दाम काही करत नाही. माझ्या आईचं असंच होतं, सासूबाईंचं असंच होतं. वहीतल्या त्या चाळीस ग्रॅमांकडे बघताना मला आईच्या मांड्या आठवल्या, आणि खूप वेळ काही सुचलं नाही.

यातून वाट घड्याळानंच काढली. माझं ताट आठला संपायला हवं, आणि आमचं घर जेवतं नऊला. म्हणजे नाइलाजानं घरातलं पहिलं ताट माझं झालं. एकटीनं, सगळ्यांच्या आधी वाढून घ्यायला हात धजावत नव्हता. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांचे चातुर्मासातले एकभुक्त आणि श्रावणातले सोमवार कधी चुकले नाहीत. त्या म्हणाल्या, "श्रावणी सोमवारी आम्ही रोप लावायला जायचो, दिवस मावळल्यावर सोडायचो. दुसऱ्या दिशी पाय उचलायचे न्हाईत. सोडताना वरण-भात मिळायचा. तुला आता जे पायजे ते घे की आधी." आणि त्यांनीच डावानं तुकडे काढून माझ्या वाटीत घातले. मी म्हटलं, "आई, तुम्हीपण बसा." त्यांना तसंही लवकर जेवलेलं सोसतं. आता पावणेआठला आम्ही दोघी बसतो. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर; त्यांनाही स्नायूंची गरज माझ्याइतकीच, खरं तर जास्त. ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग माझं मी वाढून घेईन, त्यात काय." आणि घेतात.

सोमवार, गुरुवार, शनिवार घरात वशाट शिजत नाही, तेव्हा बुद्धी चालवावी लागते. वाळलेल्या सोयाबीन वड्यांत शंभर ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. ३० ग्रॅम वड्या कांदा-लसणाच्या चटणीत परतल्या की पंधरा-सोळा ग्रॅम झाले. मटकीची उसळ वाटीऐवजी वाडगाभर. दही, पनीर, फुटाणे. एका अंड्यात ६ ग्रॅम. भात अगदी मूठभर ठेवला, भाकरी मात्र सोडली नाही; व्यायामाच्या दिवशी ती दोनची तीन होते. व्हे पावडरीला सासूबाईंचा विरोध होता, "डबड्यातलं औषध" म्हणायच्या. पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं, तशाच चीज करताना उरणाऱ्या पाण्यातली प्रथिनं वाळवून ही पूड होते, असं दाखवल्यावर त्यांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि विषय सोडला. शंभर ग्रॅम मला रोज जमत नाहीत. ८० च्या पुढे बहुतेक दिवशी जाते.

वजनकाटा पहिल्या आठवड्यात भराभर उतरला आणि मग अडून बसला. भाचीनं आधीच सांगितलं होतं: साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, पहिल्यांदा जातं ते हे पाणी. म्हणून मी शिंप्याची टेप वापरते. बेंबीपाशी घेर कमी झालाय, मांडीचा तेवढाच आहे, आणि बारच्या दोन्ही बाजूंना आता लहान प्लेटा लागतात. एचबीए१सी पुढच्या तपासणीला ५.६ आलं. यात उपासाचा वाटा किती, वजनांचा किती आणि पोह्यांऐवजी अंडी खाल्ल्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या. मला ते पटतं. त्यांनी गोळीचा विषय पुढे ढकलला, मला तेवढं पुरे आहे.

रमजानात आमच्या बॅचमधला एक मुलगा इफ्तारनंतर यायचा. त्याचा उपास निर्जळी. माझ्यासारखा काळ्या चहावरचा नाही. एरवी तो डेडलिफ्टला १४० किलो उचलतो. त्या महिन्यात त्यानं वजन उतरवलं, सेट कमी केले, आणि पहाटे सहरीला अंडी-दही चुकवलं नाही. मी विचारलं, "असं केल्यानं मागे पडत नाहीस?" तो म्हणाला, "काकू, हा महिना टिकवायचा. वाढवायचं ईदनंतर." कुठल्या दिवसांत वाढवायचं आणि कुठल्या दिवसांत नुसतं राखायचं, हे इतक्या सरळ शब्दांत मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचा उपयोग आता होणार आहे, कारण नवरात्र आलं. माझे नऊ दिवसांचे उपास लग्नाआधीपासूनचे आहेत, पहाटे अनवाणी अंबाबाईला जाणं आहे, ते मी सोडणार नाही. पण साबुदाण्यात जवळजवळ नुसतं पिष्ट. वाटीभर खिचडीनं पोट भरतं, स्नायूंच्या वाट्याला दाण्याच्या कुटापुरतंच येतं. सासूबाई आणि मी बसून काय काय चालतं त्याची यादी केली: राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही, ताक, घरी केलेलं पनीर. १६ तासांचा नियम नऊ दिवस बाजूला ठेवायचा, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. देवळातून आल्यावर दूध घ्यायचं. जिमला एक दिवसाआड जायचं, प्लेटा वाढवायच्या नाहीत, सेट कमी. दूधवाल्याला घटस्थापनेपासून रोज एक लिटर जादा सांगितलं आहे, आणि ट्रेनरला सांगितलं आहे की दसऱ्यानंतरच्या सोमवारी पुन्हा भार चढवायचा.